पाद्रे मार्सेलो रॉसी – गाणारा फादर एवढा मोठा कसा झाला?

पहाटवारा

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलेच. २०१३ ते २०१५ अशी दोन वर्षं आम्ही ब्राझीलमध्ये साओ पाउलोला होतो, नवऱ्याच्या नोकरीमुळे. खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, एकट्याच. सकाळी त्यांच्याकडे गेलं की स्वयंपाकघरात रेडिओ चालू असायचा आणि रेडिओच्या शेजारी पाण्याने भरलेला काचेचा ग्लास, वर बशी झाकलेली. मला वाटायचं औषधाची वेळ असेल. मग एकदा विचारलं तर म्हणाल्या, थांब, पाद्रे मार्सेलो आता पाण्याला आशीर्वाद देतील, मग पिणार. रेडिओतला आवाज खूप साधा होता, जरा घोगरा, घरातल्या कुणीतरी बोलावं तसा. आजींनी दोन्ही हात ग्लासभोवती धरले, डोळे मिटले, आणि आशीर्वाद झाल्यावर अर्धं पाणी त्या प्यायल्या आणि अर्धं मला दिलं. मी हिंदू, त्यांना माहीत होतं, त्यांना काही वाटलं नाही आणि मलाही नाही.

तिथून मी या माणसाच्या मागे लागले. आपल्याकडे त्याच्याबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळत नाही म्हणून हा धागा.

थोडक्यात माहिती. मार्सेलो मेंदोंसा रॉसी, जन्म २० मे १९६७, साओ पाउलो. पहिली डिग्री कशातली तर शारीरिक शिक्षणातली, म्हणजे पीटीचे सर होणार होता. मग तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, आणि १ डिसेंबर १९९४ ला फादर झाला. शहराच्या दक्षिणेकडच्या सांतो आमारो धर्मप्रांतात. उंच, सहा फुटांच्या वर, खांदे रुंद, चेहरा पोरसवदा. त्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, गर्दी एवढी व्हायला लागली की चर्च पुरेना, मग मोठी शेड घेतली, आधी तिथे कारखाना होता. तिथे तो लोकांकडून हात वर, हात खाली, उडी, गिरकी असं सगळं करून घ्यायचा गाण्याच्या तालावर, त्याला नावच पडलं 'देवाचं एरोबिक्स'. आणि शेवटी पवित्र पाणी. चमच्याने शिंपडणं नाही हं, बादली उचलून सरळ गर्दीवर ओतायचं.

१९९८ मध्ये पहिला अल्बम आला, 'म्यूझिकास पारा लोवार आओ सेन्योर', म्हणजे प्रभूच्या स्तुतीची गाणी. ३० लाखांच्या वर खपला! ब्राझीलच्या आजवरच्या सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमांमध्ये तो आहे, कुठल्याही प्रकारच्या संगीतात. त्यातलं 'एर्गेइ आस माओस' म्हणजे 'हात उंच करा' हे गाणं तर लग्नात, शाळेत, फुटबॉलच्या मॅचला, सगळीकडे वाजायचं असं आजी सांगायच्या. नोहाच्या नावेत प्राणी जोडीजोडीने चढतात त्याचं गाणं आहे, लहान मुलांचं म्हणावं इतकं सोपं.

आता माझं म्हणणं, चुकत असेन तर सांगा. तो गायक म्हणून मोठा झालेला नाही. आवाज बेताचा आहे, तो स्वतःसुद्धा मोठा गायक असल्याचा आव आणत नाही. तो मोठा झाला कारण त्याला हजार माणसांची कवायत घेता येत होती. पीटीच्या सरांना जे येतं ते. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळेल अशी खूण करायची, स्वतः आधी करून दाखवायचं, आणि चुकलं तरी चालेल असं वातावरण ठेवायचं. गाणं हे त्या कवायतीचं साधन होतं. टीव्हीने नंतर ते उचललं.

तुम्हाला काय वाटतं?

दर्यावर्दी

पहाटवारा, धागा फार आवडला. मी कॅथलिक आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे आम्ही घरात 'मिस्सा'च म्हणतो, तिकडेही मिस्साच, शब्द तोच. आणि मराठीतला 'पाद्री' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज 'पाद्रे'वरूनच आला. त्यामुळे तुझं 'पाद्रे मार्सेलो' वाचताना अगदी घरचं वाटलं. फक्त आडनाव ते लोक 'हॉसी' असं उच्चारतात, सुरुवातीचा र तिकडे ह सारखा होतो.

दुसरी गोष्ट जरा टोचणारी आहे पण मनापासून सांगतो. मिस्सा हा कार्यक्रम नाही. मिस्सा म्हणजे ख्रिस्ताच्या बलिदानाचं स्मरण, तिथे मध्यभागी वेदी असते, फादर नसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ च्या दस्तऐवजात लोकांनी मिस्सात मनापासून भाग घ्यावा असं सांगितलं, लोकभाषेला दार उघडलं, ते मला मान्य आहे आणि त्याचा आनंदच आहे. पण भाग घेणं म्हणजे उड्या मारणं का? ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या आधी जी शांतता लागते ती कॅमेरा फिरत असताना कुठून आणायची? ब्राझीलच्या बिशपांच्या परिषदेलाही ही काळजी होती, १९९४ मध्ये त्यांनी करिष्माई चळवळीसाठी (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी, हात वर करून गाण्या-प्रार्थनांची कॅथलिक चळवळ) मार्गदर्शनाचा दस्तऐवज काढला, त्यात संयम ठेवा असंच सांगितलेलं आहे. आणि बघ, तो दस्तऐवज आला नोव्हेंबर १९९४ मध्ये आणि पुढच्याच महिन्यात मार्सेलोची गुरुदीक्षा झाली.

मी त्याच्यावर टीका करत नाहीये. त्याने लोक परत आणले. पण मला माझी मिस्सा शांत हवी, एवढंच.

काळीपाच

मी पेटी वाजवतो, भजनी मंडळात वीसेक वर्षं झाली, त्यामुळे गाण्याच्या बाजूने बोलतो. काल रात्री हा अल्बम दोनदा ऐकला.

पहाटवारा म्हणतायत ते बरोबर आहे, पण 'आवाज बेताचा' म्हणून विषय संपत नाही. मोठ्या शेडमध्ये, पत्र्याखाली, हजारो माणसं असताना तुम्ही आलाप घेऊन बघा, दुसऱ्या मिनिटाला सगळा चिखल होतो, आवाज घुमून परत येतो आणि आधीच्या शब्दावर पुढचा शब्द चढतो. तिथे चालतं काय? छोटी ओळ, स्पष्ट शब्द, ओळीच्या शेवटी श्वास घ्यायला जागा, आणि लोकांनी तीच ओळ परत म्हणायची. ह्या अल्बममध्ये नेमकं तेच आहे. चाल पाच-सहा सुरांच्या पलीकडे जात नाही, म्हणजे पुरुष, बायका, पोरं सगळ्यांना एकाच पट्टीत झेपते. ठेका पायाला लागतो. आणि हाताच्या खुणा आहेत ना, त्या म्हणजे शब्द विसरू नयेत म्हणून केलेली सोय आहे, हत्ती आला की हत्तीची खूण, पक्षी आला की पंख, वाचता न येणारा माणूससुद्धा दुसऱ्यांदा चुकत नाही. आमच्याकडे गजराला टाळ लागला की जे होतं तेच हे, लय वाढत जाते आणि आपण गातोय हेच माणूस विसरतो.

अशी गाणी निवडायला कान लागतो. बेताच्या आवाजाच्या माणसाला हा कान असणं फार मोठी गोष्ट आहे असं मी म्हणेन. आणि एक, त्याचं देवदूतांवरचं जे गाजलेलं गाणं आहे ते मुळात तिकडच्या इव्हँजेलिकल, म्हणजे कॅथलिक नसलेल्या प्रोटेस्टंट मंडळींकडचं आहे. म्हणजे ज्या चर्चेसकडे कॅथलिक लोक जात होते त्यांचंच गाणं याने उचललं आणि आपल्या शेडमध्ये गायला लावलं. मला तर ते फार मोकळ्या मनाचं वाटलं.

जुनी_पाने

पहाटवारा, तुझ्या मांडणीत एक मोठा भाग राहिलाय, टीव्हीने त्यालाच का उचललं हा. त्याच्यासाठी मागे जावं लागेल, जरा लांब होईल, माफ करा.

साओ पाउलोचे आर्चबिशप होते दों पाउलो एवारिस्तो आर्न्स, १९७० ते १९९८. लष्करी हुकूमशाहीच्या काळात हा माणूस छळाविरुद्ध उभा राहिला. १९७५ मध्ये पत्रकार व्लादिमिर हर्जोग लष्कराच्या कोठडीत मारला गेला तेव्हा आर्न्सनी कॅथेड्रलमध्ये सर्वधर्मीय प्रार्थना घेतली, बाहेर पहारा असताना हजारो लोक आले. आता माध्यमांशी संबंध असलेली गोष्ट. त्या आर्चडायोसिसचं, म्हणजे आर्चबिशपांच्या धर्मप्रांताचं, स्वतःचं रेडिओ स्टेशन होतं, 'नोव्ह द जुल्यो' म्हणजे ९ जुलै, ते लष्करी सरकारने १९७३ मध्ये बंद करून टाकलं. परत सुरू झालं १९९९ मध्ये! पंचवीस-सव्वीस वर्षं त्या शहराच्या चर्चला आवाज नव्हता.

दरम्यान १९८९ मध्ये रोमने आर्न्सच्या आर्चडायोसिसचे तुकडे केले, चार नवे धर्मप्रांत काढले. ओसास्को, कांपो लिंपो, साओ मिगेल पाउलिस्ता आणि चौथा सांतो आमारो. तोच, मार्सेलोचा. बऱ्याच लोकांचं म्हणणं होतं की गरीब वस्त्या आर्न्सपासून तोडण्यासाठी हे केलं. सांतो आमारोला पहिले बिशप आले दों फेर्नांदो फिगेरेदो, त्यांनी मार्सेलोला पूर्ण पाठिंबा दिला, टीव्हीवरच्या मिस्सालाही वेदीवर ते शेजारी असायचे. बिशप पाठीशी नसता तर हा तरुण फादर दोन महिन्यांत गप्प बसवला गेला असता, हे दर्यावर्दींना जास्त चांगलं माहीत असेल.

आणि त्याच वर्षी, १९८९, एदिर मासेदोने रेकॉर्ड हे टीव्ही नेटवर्क विकत घेतलं. मासेदो म्हणजे युनिव्हर्सल या इव्हँजेलिकल चर्चचा संस्थापक. मग १२ ऑक्टोबर १९९५, आपारेसिदाच्या मातेचा, म्हणजे ब्राझीलची रक्षणकर्ती मानलेल्या मरियामातेचा सण, देशभर सुट्टी, आणि त्या दिवशी रेकॉर्डवर युनिव्हर्सलच्या एका बिशपने मातेच्या मूर्तीला लाथ मारली. सगळा देश हादरला होता. ग्लोबो या सगळ्यात मोठ्या नेटवर्कने ती दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवली. ग्लोबो आणि रेकॉर्ड एकमेकांचे वैरी. म्हणजे कॅथलिक चर्चला टीव्हीवर एक चेहरा हवा होता आणि टीव्हीलाही एक कॅथलिक चेहरा हवा होता.

तेवढ्यात हा उंच, हसरा, गाणारा फादर. जमिनीच्या हक्कावर बोलत नाही, सरकारवर बोलत नाही. मला त्या गोष्टीचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. ज्या शहराने आर्न्स बघितला त्या शहराचा चेहरा एरोबिक्स घेणारा फादर झाला.

मोगरा७

जुनी_पाने तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, रेडिओ बंद केल्याचं माहीतच नव्हतं.

पण एक विचारू का? दिवसभर दुसऱ्यांच्या घरी भांडी घासून, दोन बस बदलून घरी येणाऱ्या बाईला रविवारी दोन तास हात वर करून गावंसं वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं? तिला कुणी लढ असं सांगितलं तर ती आधीच लढतेय हो. मला वाटतं दोन्ही फादर लागतात.

पहाटवारा

@जुनी_पाने, हा सगळा भाग मला तुकड्यातुकड्यांत माहीत होता, असा एका ओळीत कधी लागला नव्हता. धन्यवाद.

रविवारच्या टीव्हीचं राहिलंय ते सांगते. तिकडे रविवारी दुपारपासून दोन कार्यक्रम समोरासमोर असायचे, ग्लोबोवर फाउस्तो सिल्वाचा आणि एसबीटी या दुसऱ्या चॅनलवर गुगू लिबेरातोचा. दोघांत रेटिंगसाठी अक्षरशः मिनिटामिनिटाची मारामारी. १९९८ मध्ये गुगूने पाद्रे मार्सेलोला बोलावलं आणि आकडे वर गेले, मग दुसऱ्यानेही बोलावलं, मग तो दोन्हीकडे. एका फादरला दोन चॅनल ओढतायत. नंतर ग्लोबोवर रविवारी सकाळची मिस्सा त्याच्याकडे आली, ग्लोबोच्या रेडिओवर रोज 'मोमेंतो दे फे' म्हणजे श्रद्धेचा क्षण. आजी तोच ऐकायच्या. मग २००३ मध्ये सिनेमा, मरियामातेच्या आयुष्यावर, त्यात तो स्वतः आहे, एका लहान मुलीला गोष्ट सांगणारा फादर. २००४ मध्ये दुसरा, संत पॉलवर. २०१० मध्ये 'आगापे' नावाचं छोटंसं पुस्तक, योहानाच्या शुभवर्तमानावरची चिंतनं, ते ७० लाखांच्या पुढे गेलं. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनच्या टेबलावर होतं, दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये होतं, जिथे जाईन तिथे ती पातळ प्रत दिसायची.

@दर्यावर्दी, शांततेचं तुमचं म्हणणं मला पटतं. फक्त एक बघितलेलं सांगते. आम्ही २०१४ मध्ये आजींना घेऊन त्याच्या मोठ्या देवळात गेलो होतो, म्हणजे थेओटोकोस सँक्चुअरी, इंटरलागोस अव्हेन्यूवर. रुई ओताके या आर्किटेक्टचं डिझाइन, लाटेसारखं वळलेलं छत, ४२ मीटरचा क्रूस, आत-बाहेर मिळून एक लाख माणसं मावतील अशी जागा. २ नोव्हेंबर २०१२ ला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, सुरू केलं पण आम्ही गेलो तेव्हा काम चालूच होतं, बाजूला सिमेंटचा वास. आशीर्वादाच्या वेळी त्याने सांगितलं, जे आणलंय ते वर धरा. आणि सगळीकडे हात वर गेले, हातात फोटो, घराच्या किल्ल्या, पाण्याच्या बाटल्या, आणि खूप जणांच्या हातात निळं कार्ड. मी आजींना विचारलं हे काय, तर म्हणाल्या नोकरीचं कार्ड, तिकडे कामगारांचं असतं ते, त्यात नोकरीची नोंद होते. माझ्या पुढच्या माणसाने ते उघडून धरलं होतं, शेवटच्या नोंदीनंतरची पानं कोरी. तेव्हा कुणी गात नव्हतं आणि एवढ्या गर्दीत चिटपाखराचाही आवाज नव्हता.

आकडेमोड

सगळ्यांचं वाचतोय, छान चाललंय. मी फक्त जनगणनेचे आकडे ठेवतो कारण 'त्याने लोक परत आणले' असं वर आलंय.

ब्राझीलमध्ये कॅथलिक लोकांचं प्रमाण १९९१ मध्ये साधारण ८३ टक्के. २००० मध्ये ७४ च्या आसपास. २०१० मध्ये ६४.६. २०२२ मध्ये ५६.७. इव्हँजेलिकल १९९१ मध्ये ९ टक्के होते ते २०२२ मध्ये २६.९.

म्हणजे मार्सेलो रॉसीच्या सगळ्यात मोठ्या काळात, अल्बम, टीव्ही, सिनेमा, पुस्तक सगळं चालू असताना घसरण थांबली नाही. त्याच्यामुळे झाली असं नाही, पण त्याच्यामुळे थांबलीही नाही. करिष्माई चळवळ नसती तर अजून वेगाने झाली असती असं म्हणता येईल, पण ते मोजायचं कसं हा प्रश्न आहेच.

दर्यावर्दी

आकडेमोड, तुमचा मुद्दा मान्य, माझं वाक्य मागे घेतो. 'थोपवून धरले' म्हणायला हवं होतं आणि तेही काही जण.

चळवळीबद्दल थोडं, कारण वाचणाऱ्यांना वाटेल हे मार्सेलोने सुरू केलं. करिष्माई नवीकरण सुरू झालं १९६७ मध्ये अमेरिकेत, पिट्सबर्गच्या दुकेन विद्यापीठात, काही विद्यार्थी आणि शिक्षकांच्या एकांतवासात. म्हणजे ज्या वर्षी हा जन्मला त्याच वर्षी. ब्राझीलमध्ये ते आणलं कांपिनासला हॅरोल्ड राहम आणि एडवर्ड डोहर्टी या दोन अमेरिकन येशूसंघीयांनी, म्हणजे जेझुइट फादरांनी. मग मोन्सिन्योर जोनास आबिब यांनी १९७८ मध्ये 'कांसाओ नोवा' हा समुदाय काढला, नावाचा अर्थच 'नवं गीत', पुढे त्यांचं टीव्ही चॅनल झालं. १९९५ मध्ये रेदे विदा हे कॅथलिक चॅनल आलं. म्हणजे मार्सेलो यायच्या आधी स्टुडिओ, माइक, गाणारे तरुण गट, हात वर करून प्रार्थना करायची सवय, सगळं तयार होतं.

आणि जुनी_पाने, बिशपांबद्दल तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं. धर्मप्रांताचा फादर बिशपांना आज्ञाधारकतेचं वचन देतो. त्यांनी नको म्हटलं की संपलं.

काळीपाच

आधीच्या फादर-गायकांचं कुणी लिहिलंच नाही. पाद्रे झेझिन्यो! जन्म १९४१, देओनियन या कॅथलिक धर्मसंघाचे, ते साठच्या दशकापासून गातायत. गिटार, शांत चाल, येशूला 'गालीलातला एक माणूस' म्हणणारं त्यांचं १९७५ चं गाणं ऐका, किंवा कुटुंबासाठीची प्रार्थना. तिथे खरी कविता आहे. ब्राझीलच्या घराघरात ती गाणी आहेत पण झेझिन्योंना कुणी स्टेडियममध्ये उड्या मारायला लावल्या नाहीत. त्यांची गाणी एकट्याने, संध्याकाळी, खिडकीत बसून ऐकायची आहेत. मार्सेलोची एकट्याने ऐकली तर निम्मी मजा जाते, मला काल तेच जाणवलं, तिसऱ्या गाण्याला वाटलं शेजारी कुणीतरी हवं होतं.

नंतर पाद्रे फाबियो दे मेलो आला, जन्म १९७१, तो झेझिन्योंच्या वळणाचा, आवाज मात्र खरोखर तयार आणि इन्स्टाग्रामवर कोट्यवधी लोक. कुरितिबाचे रेजिनाल्दो मान्सोत्ती आहेत. आलेसांद्रो कांपोस तर काउबॉय हॅट घालून सेर्तानेजो म्हणजे तिकडचं गावाकडचं संगीत गातो. मार्सेलोने दार उघडलं म्हणून हे सगळे आत आले.

शांतरस

मी सहसा लिहीत नाही पण इथे लिहावंसं वाटलं.

ह्या माणसाला नंतर डिप्रेशन आलं होतं. तो स्वतः उघडपणे बोललाय. २०१३-१४ च्या सुमाराला तो इतका बारीक झाला की लोक घाबरले, काय आजार झालाय असं विचारायला लागले. जाड होत होता म्हणून स्वतःच्या मनाने डाएट केलं, लेट्युस, कांदा आणि हॅम्बर्गरचं मांस, दिवसेंदिवस तेच. ज्याने पीटी शिकलेलं, शरीर कसं सांभाळायचं हे ज्याला पुस्तकातून माहीत होतं, त्याचं असं झालं. नंतर २०१५ च्या 'फिलिया' या पुस्तकात त्याने मनाच्या आजारांवर लिहिलं. फाबियो दे मेलोनेही २०१७ मध्ये पॅनिकचा त्रास होतो असं जाहीर सांगितलं.

मला स्वतःला हा आजार होऊन गेलाय. घरात सांगता येत नव्हतं कारण सगळे म्हणायचे देवाचं नाव घे. एक फादर, रोज लाखो लोकांसाठी प्रार्थना करणारा, म्हणतो की मलाही झालं, मी डिप्रेशनला आधी आजार मानत नव्हतो आणि ती माझी चूक होती. हे तेव्हा माझ्या कानावर आलं असतं तर मी डॉक्टरकडे सहा महिने आधी गेले असते.

पहाटवारा

शांतरस, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आता बऱ्या आहात ना?

२०१४ मध्ये मी त्याला बघितलं ते ह्याच काळात. मी फोटोंमधला रुंद खांद्यांचा माणूस शोधत होते आणि वेदीवर कुणीतरी उंच, वाळलेला, झगा खांद्यावरून नुसता लोंबणारा. आजींनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, बघ कसा झालाय माझा पोरगा. पण गाणं लागलं आणि त्याने हात वर केले, मनगटं बाहेर आली, अगदी काटकीसारखी, आणि पूर्ण वेळ त्याने ते हात खाली घेतले नाहीत. सगळं देऊळ हात वर करून उभं, आणि मला वाटत होतं की आज हे लोक त्याला उचलून धरतायत. माझ्या पहिल्या पोस्टमधलं कवायतीचं म्हणणं मी अजूनही सोडत नाही, पण कवायत घेणारा दमलेला असताना रांगा मोडल्या नाहीत, हे त्या म्हणण्यात बसत नाही.

मोगरा७

बादलीवाल्या फादरला कुणी स्टेजवरून ढकललं होतं ना? व्हिडिओ आला होता मला.

दर्यावर्दी

हो, १४ जुलै २०१९, रविवार. कांसाओ नोवाच्याच आवारात, काशोएरा पाउलिस्ताला, तरुणांच्या शिबिराची समारोपाची मिस्सा चालू होती. एक बाई सुरक्षेला चुकवून स्टेजवर धावत आली आणि मागून ढकललं, तो सरळ खाली. ती बाई मनाने आजारी होती असं नंतर कळलं. थोड्या वेळाने तो परत वर आला आणि मिस्सा पूर्ण केली. तिच्याविरुद्ध तक्रार केली नाही.

वर मी म्हणालो होतो की मिस्सात मध्यभागी वेदी असते, फादर नसतो. तो व्हिडिओ बघताना मला हे वाक्य आठवलं होतं. पडल्यावर कुणीही दवाखान्यात गेला असता, लोकांनी समजूनच घेतलं असतं. पण अर्धवट राहिलेली मिस्सा त्याला सोडवली नाही. मला त्याचं गाणं अजूनही माझं वाटत नाही, पण तो फादर आहे याबद्दल शंका नाही.

आकडेमोड

एक प्रश्न राहिला, पैशाचा. ३० लाख अल्बम, ७० लाख पुस्तकं, हे पैसे जातात कुठे? कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो, वाकड्यात शिरायचं नाहीये.

दर्यावर्दी

योग्य प्रश्न आहे. आधी एक नियम, कारण गैरसमज खूप असतो. येशूसंघीय, फ्रान्सिस्कन वगैरे संघातले फादर दारिद्र्याचं व्रत घेतात, त्यांच्या नावावर काही नसतं. धर्मप्रांताचे फादर ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाचं वचन देतात, दारिद्र्याचं व्रत नाही. त्यामुळे मार्सेलोने स्वतःकडे पैसे ठेवले असते तरी नियम मोडला नसता. पण 'आगापे'चं मानधन त्या थेओटोकोस देवळाच्या बांधकामाला दिलं हे जाहीर आहे.

जुनी_पाने

वाचतोय सगळं. माझ्या पोस्टमधल्या शेवटच्या वाक्यावर मी रात्रभर विचार केला. आर्न्स आणि मार्सेलो समोरासमोर उभे करणं सोपं आहे, मीही केलं. पण पहाटवारांनी लिहिलेली ती कोरी पानं डोक्यातून जात नाहीयेत. त्या माणसाला नोकरी का नाही हे सांगणारं चर्च मला हवंय. ते माझं म्हणणं कायम आहे. पण तो ते कार्ड घेऊन कुठेतरी आला होता, आणि कुठे आला होता हे मला आधी बघायला हवं होतं.

झेझिन्योंचं गाणं आज लावलं, काळीपाच. फार सुंदर आहे.

काळीपाच

@जुनी_पाने आता दुसऱ्यांदा लावा आणि डाव्या कानाला गिटार ऐका, काहीही न करता नुसतं बरोबर चालतंय.

आमच्या मंडळात गुरुवारी 'हात उंच करा'ची चाल पेटीवर वाजवून दाखवली, शब्द नाहीत, नुसती चाल. दुसऱ्या फेरीला तबलजीने ठेका धरला आणि पाच-सहा जणांनी नकळत टाळ उचलले. कुठलं गाणं ते नंतर सांगितलं.

मोगरा७

पहाटवारा, आजी आता कशा आहेत?

पहाटवारा

त्या २०१८ मध्ये गेल्या. त्यांच्या भाचीने कळवलं. रेडिओ मला पाठवू का म्हणून विचारत होती, पण तिकडून इकडे पाठवणं जमण्यासारखं नव्हतं. तो तिच्याकडेच आहे, आणि ती म्हणाली की सकाळी लावते.